आधी जागा, मग हवा

पहिल्या वर्षाच्या मुलांना श्वसनाचा पहिला तास घेताना फळ्यावर काही लिहिण्याआधी मी एकच प्रश्न विचारत आले आहे. हवा आत शिरते म्हणून छाती फुगते, की छाती फुगते म्हणून हवा आत शिरते? समोर बसलेली मुलं बारावीला उत्तम गुण मिळवून आलेली असतात. तरी हात वर करायला सांगितले की बहुतेक हात पहिल्या उत्तराला वर जातात. त्यात त्यांचा दोष नाही. फुगा तोंडाने फुगवायचा, सायकलच्या ट्यूबला पंप मारायचा, चुलीत फुंकणीने फुंकायचं. हवा घातली की वस्तू फुगते, हेच आपण लहानपणापासून पाहतो. छातीचं मात्र उलट आहे. ती आधी मोठी होते, आत जागा होते आणि त्या जागेत हवा येते. आपण म्हणतो ‘श्वास ओढला’, पण हवेला धरून ओढायला आपल्यापाशी काही नाही. आपल्याला जागा करता येते, तेवढंच.

हे पुस्तक या एका गोष्टीचा विस्तार आहे, आणि ते मुख्यतः आत येणाऱ्या श्वासाबद्दल आहे. उच्छ्वासाला मी मुद्दाम थोडी पानं दिली आहेत. शांत बसलेल्या माणसाचा उच्छ्वास आपसूक होतो. ताणलेलं रबर सोडल्यावर मागे यावं, तशी फुप्फुसं आक्रसतात आणि हवा बाहेर पडते. कष्ट पडतात ते आत घेण्याला. बाळ जन्मतं ते आधी श्वास आत घेऊन. पोलिओ, मानेचा अपघात, न्यूमोनिया यांचा घाव पडतो तोही याच कामावर. मराठीने ही कष्टाची बाजू फार पूर्वी ओळखली असावी. थकलो की आपण ‘दमलो’ म्हणतो, विसावा हवा असेल तर ‘दम घे’, धीर हवा असेल तर ‘दम धर’, आणि आजार झाला की तो ‘दमा’. एवढं सगळं एका शब्दाच्या पोटात आहे. वैद्यकीय महाविद्यालयात मात्र आम्ही हा विषय इंग्रजीतून शिकतो आणि शिकवतो, आणि ज्या आईला मध्यरात्री त्यातली एक गोष्ट कळणं गरजेचं असतं, ती मराठीत विचार करत असते. म्हणून हे पुस्तक मराठीत.

पुढे वाचण्याआधी वाचकाने एक करावं. पाठीवर आडवं व्हावं, एक हात पोटावर, दुसरा छातीवर ठेवावा आणि नेहमीसारखा श्वास चालू द्यावा. पोटावरचा हात आधी वर येतो, छातीवरचा थोडाच हलतो. हवा तर पोटात जात नाही, मग पोट का उचलतं? कारण छाती आणि पोट यांच्यामध्ये एक मांसल पडदा आहे. त्याला श्वासपटल म्हणतात. विश्रांतीत तो पालथ्या घातलेल्या कढईसारखा वर फुगलेला असतो. त्याचे स्नायू आवळले की कढईचा फुगवटा उतरतो आणि पडदा खाली सरकतो. शांत श्वासात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, अगदी खोल श्वासात दहा सेंटिमीटरपर्यंत. छातीची पोकळी खालच्या बाजूने वाढते, खालचं यकृत, जठर, आतडी दाबली जातात आणि पोट पुढे येतं. त्याच वेळी बरगड्यांमधले स्नायू बरगड्या वर उचलतात. खालच्या बरगड्या बादलीची कडी उचलावी तशा बाजूला उघडतात, वरच्या बरगड्या छातीच्या मधल्या हाडाला हापशाच्या दांड्यासारखं पुढे-वर नेतात. अशी पोकळी चहूबाजूंनी मोठी होते.

शाळेच्या मैदानावर ‘छाती पुढे, पोट आत, आता खोल श्वास’ असा हुकूम आपण सगळ्यांनी ऐकला आहे. माझं स्पष्ट मत आहे की हा हुकूम बंद व्हायला हवा. पोट आवळून धरलं की पडद्याला खाली उतरायला वाट राहत नाही, आणि शांत श्वासातलं निम्म्याहून अधिक काम तर तोच करतो. मुलं मग खांदे उचलून वरच्यावर श्वास घेतात आणि तीच सवय मोठेपणी राहते.

छाती मोठी झाली म्हणून फुप्फुस का मोठं व्हावं? फुप्फुसाला स्वतःला फुगवणारा स्नायू नाही. त्याच्यावर एक पातळ आवरण आहे, छातीच्या आतल्या भिंतीवर दुसरं, आणि दोहोंमध्ये द्रवाचा अगदी पातळ थर. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर त्या सहज सरकतात, पण उचलून वेगळ्या होत नाहीत, तसंच हे. भिंत बाहेर गेली की फुप्फुस तिच्या मागोमाग जातं. फुप्फुसातली जागा वाढली की आतल्या हवेचा दाब उतरतो. हा नियम रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडला आणि आपण तो नववी-दहावीत पाठ करतो: जागा वाढली की दाब कमी. बाहेरचा दाब समुद्रसपाटीला पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका. शांत श्वास घेताना आतला दाब त्याच्यापेक्षा जेमतेम एक मिलिमीटरने खाली येतो. एवढ्याशा उतारावरून सुमारे अर्धा लिटर हवा नाकातून, घशातून, श्वासनलिकेतून आत घरंगळते. निरोगी माणूस विश्रांतीत यासाठी शरीराच्या एकूण खर्चाच्या पाच टक्केही ऊर्जा वापरत नाही. म्हणूनच श्वासाची आठवण राहत नाही. तो जड व्हायला लागला की मगच ती होते.

त्या अर्ध्या लिटरपैकी दीडशे मिलिलिटर तर नुसतं नळ्यांमध्येच राहतं आणि उपयोगाला न येता परत जातं. उरलेलं वायुकोशांपर्यंत पोहोचतं. हे कोश सरासरी ४८ कोटींच्या आसपास आहेत, एकेकाची रुंदी मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी. सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर होतात, म्हणजे पुण्या-मुंबईतला साडेसातशे चौरस फुटांचा फ्लॅट. छातीत एवढं क्षेत्रफळ दुमडून ठेवलेलं आहे आणि दिवसाला वीस हजारांच्या आसपास वेळा आपण त्याचा दरवाजा उघडतो.

हे सारं माणसाला कळायला फार काळ लागला. दुसऱ्या शतकात गेलेन या वैद्याने प्राण्यांच्या मानेतल्या नसा कापून दाखवलं होतं की पडद्याची हालचाल मानेतून येणाऱ्या नसेवर चालते. पडदा छातीच्या तळाशी आणि त्याची नस मानेतून, हे विचित्र वाटतं. कारण असं की गर्भात पडदा मानेजवळ घडायला लागतो आणि मग खाली उतरतो. उतरताना नस मागोमाग ओढून आणतो. म्हणून विहिरीत किंवा नदीत डोक्यावर सूर मारून मान मोडलेल्या मुलाचा श्वास जागीच थांबू शकतो. घाव किती वर बसला यावर सगळं ठरतं. याच पडद्याला अचानक आचका बसला की उचकी लागते. ‘कुणीतरी आठवण काढतंय’ म्हणून आपण पाणी पितो. खरं तर ती एक अर्धवट राहिलेली श्वास घेण्याची क्रिया असते, सुरू होताच घशातलं दार मिटल्यामुळे अडलेली.

गेलेननंतर दीड हजार वर्षांनी, १६६८ मध्ये, इंग्लंडच्या जॉन मेयोने भात्याच्या आत एक मूत्राशय बसवून दाखवलं. भाता उघडला की आतली पिशवी आपोआप फुगे. फुप्फुस छातीच्या मागे जातं, छाती फुप्फुसाच्या मागे नाही, हे त्यात उघड दिसत होतं. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या हंडीत दोन फुगे आणि खाली रबराचा पडदा असलेलं जे उपकरण असतं, ते या भात्याचंच नातवंड. ते धूळ खात कपाटात पडलेलं दिसलं की मला वाईट वाटतं. मुलांच्या हातात द्यावं, पडदा खाली ओढायला लावावा. फळ्यावरच्या तासाभराचं काम एका मिनिटात होतं.

विज्ञानाची ही समज यंत्रात उतरली ती पोलिओमुळे. पोलिओत श्वासाचे स्नायू लुळे पडत. बोस्टनमध्ये १९२८ साली फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी बनवलेलं लोखंडी फुप्फुस पहिल्यांदा रुग्णावर वापरलं गेलं. रुग्णाचं डोकं बाहेर, बाकी शरीर एका बंद पिंपात. पिंपातली हवा काढून घेतली की छाती बाहेर येई आणि नाकातून हवा आत जाई. यंत्र जागा करून देत होतं, निसर्गासारखं. अमेरिकेतले पॉल अलेक्झांडर १९५२ मध्ये सहा वर्षांचे असताना अशा पिंपात गेले. ते पुढे वकील झाले आणि मार्च २०२४ मध्ये वारले, तोपर्यंत पिंप त्यांच्या सोबतीला होतं. जिभेने आणि घशाने हवेचे घोट गिळत काही तास पिंपाबाहेर राहायला ते शिकले होते. बेडूक तसाच श्वास घेतो, तोंडाने हवा ढकलत. त्याला छाती फुगवणारा असा पडदाच नसतो.

त्याच १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली. इस्पितळात पिंप होतं फक्त एक. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवलं की रुग्णाच्या गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी आणि रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत लोटावी, शस्त्रक्रियेच्या वेळी करतात तशी. दाबायला माणसं हवी होती. दीड हजारांच्या आसपास वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णाशेजारी बसले आणि आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबत राहिले. मृत्यू झपाट्याने उतरले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथे झाली. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत अंबू बॅग दाबत बसलेला रुग्णाचा भाऊ किंवा मुलगा मी जेव्हा पाहिला, तेव्हा मला ते डॅनिश विद्यार्थीच आठवले. ही पिशवीसुद्धा त्याच डेन्मार्कची.

पण इथे एक गोष्ट उलटी झाली. पिशवी आणि तिच्या मागोमाग आलेला व्हेंटिलेटर जागा करत नाहीत, ते हवा कोंबतात. पहिल्या तासाला माझी मुलं हात वर करून जे सांगतात, फुग्यासारखं फुगवणं, ते या यंत्रांनी खरं करून दाखवलं. जीव वाचले, पण त्याची किंमतही मोजावी लागली. नाजूक, आजारी वायुकोश जास्त ताणले की फाटतात. सुजलेल्या, पाणी भरलेल्या फुप्फुसांच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेली मोठी चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. एका गटाला वजनाच्या किलोमागे १२ मिलिलिटर हवा देत होते, दुसऱ्याला फक्त ६. पहिल्या गटात सुमारे ४० टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्यात ३१ टक्के. नुसती हवा कमी लोटली म्हणून एवढे जीव वाचले. करोनाच्या काळात घरोघरी व्हेंटिलेटर हा शब्द पोहोचला, त्याच्याभोवती भीती आणि आशा दोन्ही जमल्या. त्यामागची ही हकिकत मी एका स्वतंत्र प्रकरणात सविस्तर लिहिली आहे, कारण नातेवाईकांनी ती समजून घेतली तर डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं.

आयुष्यातला सर्वांत अवघड श्वास पहिला. गर्भातलं बाळ छाती हलवण्याचा सराव करत असतं, पण त्याच्या फुप्फुसांत हवा नसते, पाणी असतं. जन्मताच त्याला ते पाणी मागे सारून कोट्यवधी मिटलेले कोश उघडायचे असतात. तुम्हा-आम्हाला एका श्वासाला जो दाब पुरतो, त्याच्या कितीतरी पट दाब बाळाला त्या पहिल्या झटक्यात निर्माण करावा लागतो. म्हणून ते एवढं लाल होतं, म्हणून ते रडतं, आणि रडलं की सुईणीला हायसं वाटतं. ओल्या, बारीक बुडबुड्याची भिंत मिटू पाहते, हा पाण्याचा धर्म आहे. तसं होऊ नये म्हणून वायुकोशांच्या आत साबणासारखा एक स्निग्ध थर पसरलेला असतो. अमेरिकेतल्या मेरी एलन ॲव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांची बाळं श्वासाअभावी दगावतात ती हा थर कमी असल्यामुळे. त्यानंतर चारच वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच दुखण्याने ३९ तासांत गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान बापाला त्याच्यासाठी काही करता आलं नाही. पुढे १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी सिद्ध केलं की दिवस भरण्याआधी कळा सुरू झालेल्या आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाच्या फुप्फुसांत हा थर लवकर तयार होतो. आज हे स्वस्त इंजेक्शन आपल्याकडेही मिळतं. गरोदर बाईला वेळेआधी कळा आल्या तर ‘बघू सकाळी’ म्हणून घरी थांबू नये, याचं एक कारण हे आहे.

महाराष्ट्रातली एक गोष्ट मला इथे सांगायलाच हवी. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढलं. योगक्रिया क्ष-किरणांखाली आणि दाबमापकाने तपासायच्या, हा त्यांचा आग्रह त्या काळात अपूर्व होता. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या दाबाच्याही खाली जातो, हे त्यांनी मोजून नोंदवलं आणि त्या पोकळीला आपले गुरू माधवदास यांचं नाव दिलं. माझ्या विषयाला सर्वांत जवळची क्रिया मात्र उड्डियान. श्वास पूर्ण सोडायचा, घसा मिटायचा आणि मग छाती अशी उघडायची की जणू श्वास घेतोय. दार बंद, तरी जागा तर वाढते. हवा येऊ शकत नाही, मग त्या रिकाम्या जागेत दुसरं काही ओढलं जातंच: सैल सोडलेला पडदा वर जातो आणि पोट पाठीला लागल्यासारखं आत खोल जातं. श्वास आत घेण्याची सगळी हालचाल इथे आहे, फक्त हवा नाही. वाचकाने हे पोट आत जाणं लक्षात ठेवावं. शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

श्वास घ्यायचा हुकूम कोण देतं? मेंदूच्या देठात, मानेच्या वर, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. तो १९९१ मध्ये नेमका सापडला. त्याला सतत खबर लागते ती रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडची. १९०५ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी दाखवलं की श्वास वाढतो तो मुख्यतः हा वायू साचला म्हणून, ऑक्सिजन थोडा कमी पडला म्हणून नाही. ही गोष्ट आपल्या गावच्या विहिरींवर जीवावर बेतते. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याची पैज लावून मुलं बुडी मारण्याआधी भराभरा दहा-वीस खोल श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड धुऊन जातो. मग वर येण्याची तळमळ उशिरा लागते आणि त्याआधीच मेंदूला ऑक्सिजन कमी पडून मूल पाण्याखाली बेशुद्ध होतं. चांगला पोहणारा मुलगा उथळ विहिरीत बुडाला, असं ऐकू आलं की मला ही शक्यता आधी आठवते. पोहायला शिकवणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने मुलांना हे सांगितलंच पाहिजे.

फुप्फुसं स्वतःही खबर देतात. औतार सिंग पेंटल या भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांना चिकटून असलेले संवेदक शोधले. त्यांना जे-संवेदक म्हणतात. फुप्फुसांत पाणी साचायला लागलं की ते चेतवले जातात आणि श्वास उथळ, भरभर होतो. हृदय कमजोर झालेला माणूस रात्री उठून खिडकीशी बसतो, त्या अस्वस्थतेमागे यांचा वाटा आहे. पेंटल पुढे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव असायला हवं, आणि नुसत्या तळटिपेत नव्हे.

दमेकऱ्याची एक तक्रार मात्र फसवी असते. तो म्हणतो, ‘श्वास आत जातच नाही.’ त्याला खरोखर तसंच वाटतं. पण आवळलेल्या बारीक नळ्या श्वास सोडताना आणखी मिटतात, हवा आत अडकते, छाती आधीच भरलेली राहते, पडदा सपाट होऊन बसतो. भरलेल्या घागरीत आणखी पाणी कसं ओतायचं? अशा वेळी त्याला ‘खोल श्वास घ्या’ सांगणं हा छळ आहे. ओठांचा चंबू करून सावकाश सोडायला सांगावं आणि इन्हेलर वेळेवर घ्यायला लावावा. घेण्याची जागा सोडण्यानेच होणार असते.

आता ज्या एका रात्रीमुळे हे पुस्तक लिहिलं गेलं, तिच्याबद्दल. इंटर्नशिपच्या वर्षी मी बालरुग्ण विभागात रात्रपाळीला होते. एक आजी सहा-सात महिन्यांचं नातवंड घेऊन आल्या. ‘पोट उडतंय बाळाचं’ म्हणाल्या. बेंबीभोवती हिंगाचा लेप होता, पोटावर शेकलेलं एरंडाचं पान. मी ताप पाहिला, जाड झबल्यावरूनच छातीला नळी लावली, आजींच्या शब्दावर पोटदुखीचं औषध लिहायला घेतलं. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर हळूच म्हणाल्या, ‘डॉक्टर, आधी झबलं वर करा.’ वर केलं. बाळ श्वास आत घेत होतं आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खोल खड्डा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या. श्वास सोडताना ते बारीक कण्हत होतं. न्यूमोनिया होता. बाळ वाचलं, ते त्या सिस्टरांमुळे.

आजी खोटं बोलत नव्हत्या. पोट उडतच होतं, कारण पडदा जिवाच्या आकांताने खाली जात होता. चूक होती ती दुखणं कुठे आहे हे ओळखण्यात, आणि ती आजींची जेवढी होती त्याहून माझी जास्त होती. न्यूमोनियात फुप्फुस कडक होतं, सहज उलगडत नाही. बाळ जोर लावून जागा करतं, पण हवा तेवढ्या वेगाने भरत नाही. मग उड्डियानात जे घडतं तेच इथे घडतं: रिकाम्या जागेत दुसरं काहीतरी ओढलं जातं. बाळाच्या बरगड्या अजून मऊ कूर्चेच्या असतात, म्हणून छातीच आत खेचली जाते. निरोगी बाळाची छाती श्वास घेताना बाहेर येते, आजारी बाळाची आत जाते. हे पाहायला यंत्र लागत नाही.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत नेमकं हेच करून दाखवलं. ‘सर्च’ या त्यांच्या संस्थेने गावातल्या आरोग्यसेवकांना आणि दायांना बाळाचे श्वास मोजायला आणि साधं प्रतिजैविक द्यायला शिकवलं. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधानुसार, अशा प्रकारे उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांत शंभरात एकाहून कमी मूल दगावलं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते प्रमाण तेराच्या वर होतं. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या बायांसाठी त्यांनी एक साधं साधन बनवलं: मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर औषध द्यायचं. माझ्या मते विसाव्या शतकातल्या श्वसनशास्त्राच्या महत्त्वाच्या उपकरणांत या मण्यांची गणना व्हायला हवी.

पुस्तकाची बाकीची प्रकरणं वाचक सवडीने, हव्या त्या क्रमाने वाचू शकतो. एवढं मात्र आजच शिकून घ्यावं. घरातल्या लहान मुलाला खोकला-ताप असेल तर ते झोपलेलं किंवा शांत असताना, चांगल्या उजेडात, अंगावरचं झबलं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांचं ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांचं मूल ४० किंवा अधिक श्वास घेत असेल तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर मोजत बसू नका, हिंग लावू नका, उजाडण्याची वाट पाहू नका. महाराष्ट्रात कुठूनही १०८ या क्रमांकावर फोन करता येतो, आणि येणाऱ्या रुग्णवाहिकेचे पैसे पडत नाहीत.